ट्रकला एएफआर गेज बसवलं. आकडा दिसतो, पण तो खरा कधी मानायचा?

घाटवाट (लेकवुड, कोलोरॅडो), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या १९७२ च्या शेव्हरोले सी-१० बद्दल इथे आधी लिहिलं होतं. ३५० घनइंचांचं व्ही-८ इंजिन, त्यावर एडलब्रॉकचा १४०६ कार्ब्युरेटर, आधीच्या मालकाने बसवलेले हेडर (प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या लांब नळीने नेणारे एक्झॉस्टचे पाइप) आणि दोन्ही बाजूंना वेगळा सायलेन्सर. गाडी चालते छान, पण पेट्रोल फार पिते आणि गॅरेजमध्ये सुरू केली की डोळे चुरचुरतात. कार्ब्युरेटर कानाने आणि नाकाने लावायचा कंटाळा आला होता, म्हणून वाइडबँड सेन्सर (नुसतं कमी-जास्त नाही, तर नेमका आकडा देणारा) असलेलं एईएम कंपनीचं एएफआर गेज घेतलं. एएफआर म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण; आकडा मोठा तेवढं पेट्रोल कमी. काम दोन शनिवारांत झालं. कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो, आणि शेवटी एक अडचण आहे ती विचारतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम सेन्सरची जागा ठरवण्याचं. एक्झॉस्ट पोर्टपासून निदान १८ इंच लांब, पण चारही सिलिंडरांचा धूर जिथे एकत्र येतो त्या कलेक्टरच्या लगेच पुढे. सेन्सरसाठी १८ मिमी बाय १.५ आट्यांची कडी पाइपाला वेल्ड करावी लागते. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा: सेन्सर १० ते २ च्या मध्ये, म्हणजे पाइपाच्या वरच्या अंगाला हवा. खालच्या बाजूला लावला तर थंड पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि ते तडकतं. मी ड्रायव्हरच्या बाजूला, साधारण ११ वाजता लावला. वेल्डिंग इथल्या एका सायलेन्सरवाल्याकडून करून घेतलं. वेल्ड करताना सेन्सर पाइपात ठेवू नका आणि बॅटरीची अर्थ काढून ठेवा.

वायरिंग सोपं वाटलं तरी दोन ठिकाणी थांबलो. सेन्सरची केबल कापून लांब करायची नाही, कारण त्याच्या कनेक्टरमध्येच त्या सेन्सरपुरतं जुळवलेलं रेझिस्टर असतं. म्हणून इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला मोठं भोक पाडून, रबरी ग्रोमेट घालून, अख्खा कनेक्टर आत घेतला. केबल हेडरपासून आणि प्लगच्या वायरींपासून लांब बांधली. दुसरं म्हणजे १२ व्होल्ट कुठून घ्यायचे. चावी फिरवल्यावर येणारा आणि स्टार्टर मारतानाही न जाणारा सप्लाय हवा. आधी कॉइलच्या वायरवरून घेणार होतो, पण मीटरने मोजलं तर इंजिन चालू असताना तिथे जेमतेम ९ व्होल्ट होते. प्लॅटिनम पॉइंट असलेल्या या जुन्या शेव्हरोलेत कॉइलकडे जाणारी वायरच रेझिस्टन्सची असते. तिथून घेतलं असतं तर सेन्सरचा हीटर उपाशी राहिला असता. शेवटी फ्यूज बॉक्समधल्या इग्निशनच्या टर्मिनलवरून १० अँपिअरचा फ्यूज घालून घेतलं. अर्थिंग रंगावर न करता पत्रा घासून केलं. गेज ५२ मिमीचं आहे, स्टीअरिंगच्या खाली छोट्या पट्टीवर बसवलं.

आता अडचण. गाडी गरम झाल्यावर स्लोला (गाडी उभी, ॲक्सिलरेटरवर पाय नाही) आकडा १५.९ आणि ताशी ५५ मैलांवर सपाट रस्त्याला १५.० येतो. म्हणजे गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते आहे असं समजून मी कार्ब्युरेटरचे मीटरिंग रॉड बदलले. जेट म्हणजे पेट्रोल जायचं भोक, आणि त्यात उभा राहून पेट्रोल आवरतो तो हा रॉड. मूळचे ०.०७५ बाय ०.०४७ इंचाचे (जाड भाग बाय बारीक भाग) होते, ते काढून ०.०७३ बाय ०.०४७ घातले. या कार्ब्युरेटरची ही मोठी सोय आहे: वरची दोन छोटी झाकणं एकेका स्क्रूवर उघडतात आणि रॉड, स्प्रिंग हातात येतात. पेट्रोलही सांडत नाही. रॉड बारीक म्हणजे जेटमधून पेट्रोल जास्त. हायवेला आकडा १४.१ वर आला. मला आनंद झाला. पण गाडी आणखी वास मारायला लागली, आणि काल प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट! गेज म्हणतं ठीक आहे, प्लग म्हणतात पेट्रोलात बुडालोय. कुणावर विश्वास ठेवू?

मिरजमिस्त्री, रविवार सकाळ

प्लगावर ठेवा. पस्तीस वर्षं पद्मिनी आणि ॲम्बॅसिडरचे कार्ब्युरेटर लावतोय, कोरडी मखमली काजळी धरलेला प्लग कधी खोटं बोललेला पाहिला नाही. तुमचं गेज वाईट असेल असं म्हणत नाही. पण सायलेन्सरला कुठेतरी हवा मारते आहे काय ते आधी बघा. हेडर बसवलेल्या गाडीत गॅस्केट जळणं नेहमीचंच.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा आणि लगेच कुणाला तरी मागच्या पाइपाच्या तोंडावर जाड ओला बोळा क्षणभर दाबायला सांगा. तुम्ही बॉनेटपाशी कान द्या. जिथे गळतं तिथे फस्स-फस्स ऐकू येईल. गरम झाल्यावर हात घालू नका.

रानजाई (मिशिगन), रविवार

मिस्त्रीकाकांनी नेमकं बोट ठेवलं आहे. माझं रोजचं काम इंजिन कॅलिब्रेशनचं आहे, म्हणून कारण सांगते.

हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात उरलेला ऑक्सिजन आणि न जळलेले वायू यांचा ताळा तो मोजतो, आणि त्यावरून गेज हवा-इंधनाचं प्रमाण काढून दाखवतं. धूर पाइपातून सलग वाहत नाही, ठोके मारत जातो. प्रत्येक ठोक्यामागून पाइपात क्षणभर दाब कमी होतो, आणि सेन्सरच्या आधी फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसते, तो म्हणतो ऑक्सिजन फार आहे, आणि गेज लीन दाखवतं. स्लोला धूर कमी असतो म्हणून खोटेपणा जास्त, हायवेला कमी. तुमचे आकडे बघा: स्लोला १५.९, हायवेला १५.०. ही तर गळतीचीच खूण आहे. खरोखर १५.९ वर हे इंजिन स्लोला गुळगुळीत चाललंच नसतं, थरथरलं असतं.

असाच खोटा लीन आकडा आणखी दोन कारणांनी येतो. एखादा सिलिंडर मिस मारत असेल तर त्यातली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर येतात आणि ऑक्सिजन वाढतो. म्हणजे पेट्रोल जास्त झाल्यामुळे प्लग बुजून मिस मारायला लागला तरी गेज लीनच दाखवू शकतं! माणूस आणखी पेट्रोल वाढवतो आणि आणखी खड्ड्यात जातो. दुसरं कारण मोठा कॅमशाफ्ट. त्यात दोन्ही वाल्व्ह एकाच वेळी बराच काळ उघडे राहतात, स्लोला ताजी हवा थेट बाहेर निसटते.

आता १४.७ बद्दल थोडं. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पंपावर मिळणाऱ्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १४.१ पुरते. मग गेजवर १४.१ धरायचं का? नाही. सेन्सरला खरं कळतं ते लॅम्डा, म्हणजे गरजेच्या किती पट हवा मिळाली. ती बरोबर मिळाली की लॅम्डा १, आणि गेज फक्त त्याला १४.७ ने गुणून दाखवतं. त्यामुळे टाकीत काहीही असो, गेजवरचं १४.७ म्हणजे हवा आणि इंधन अगदी पुरेपूर. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मे गोंधळ संपतात.

तुमच्यासारख्या साध्या ३५० ला गेजवर कुठे काय असावं ते माझ्या अंदाजाने: गरम स्लोला १३.५ ते १४.५, सपाट रस्त्यावर हलक्या पायाने १४.५ ते १५.३, पूर्ण पाय दाबल्यावर १२.५ च्या आसपास. सकाळी चोक लागलेला असताना ११-१२ दिसलं तर घाबरू नका. उतारावर पाय काढल्यावर काय दिसतं त्यावरून काहीच ठरवू नका.

सदाफुली, रविवार

मधेच विचारते, माफ करा. ऑनलाइन रंगीत दिव्यांचं एएफआर गेज खूप स्वस्त दिसलं, गाडीतला जुनाच ऑक्सिजन सेन्सर वापरतं म्हणे. ते घेतलं तर चालणार नाही का?

रानजाई, रविवार

विचारलंत ते बरं केलंत, यात पुष्कळांचे पैसे वाया जातात. ते नॅरोबँड. बॉशने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. तो ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो आणि १४.७ च्या आसपासच, ०.४५ व्होल्टपाशी, एकदम उडी मारतो. म्हणजे त्याला "जास्त" आणि "कमी" एवढे दोनच शब्द येतात. १३.५ आणि ११.५ मधला फरक त्यावर भरवशाने वाचता येत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर सतत मागेपुढे करतो म्हणून ते दिवे नुसते नाचत राहतात. गाडी लावायची असेल तर वाइडबँडच घ्या.

घाटवाट, पुढचा शनिवार

सापडलं! मिस्त्रीकाका, तुमचा बोळा आणि रानजाईताईंचं गणित, दोन्ही खरे ठरले.

बोळा दाबल्यावर आवाज आला, पण नक्की कुठून ते कळेना. मग व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावून सायलेन्सरच्या मागच्या तोंडात चिंध्यांनी गच्च बसवला आणि गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. इंजिन बंद आणि गार. हेडर जिथे संपतं त्या कलेक्टरच्या तीन बोल्टांच्या गॅस्केटवर बुडबुडे नुसते उकळत होते. गॅस्केट एका बाजूने खाऊन गेलेलं, सेन्सरपासून जेमतेम चार इंचांवर! कडी वेल्ड करताना पाइप काढून परत लावला तेव्हा तेच जुनं गॅस्केट पुन्हा वापरलं गेलं असणार. मीही उभा राहून ते पाहिलं नाही.

नवीन जाड गॅस्केट घातलं. सिलिकॉन लावायचा मोह होता, पण सेन्सरला न चालणाऱ्या सिलिकॉनची वाफ त्याला कायमची बाद करते, म्हणून कोरडंच बसवलं. सेन्सरच्या फक्त आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून ४० न्यूटन-मीटरला आवळला.

आता खरे आकडे ऐका. बारीक रॉड तसेच ठेवून: स्लोला १२.४, हायवेला १२.९, पूर्ण पाय दाबल्यावर ११ च्या जवळ. डोळे का चुरचुरत होते ते कळलं. लगेच मूळचे ०.०७५ चे रॉड परत घातले. हायवेला १३.८ झालं, स्लोचे दोन्ही स्क्रू थोडे आत घेऊन तिथे १३.९ वर आणलं. पूर्ण पाय दाबून ११.९.

म्हणजे गाडी पहिल्यापासून रिच (पेट्रोल जास्त) होती. गेज बसवलं त्या दिवशी मी ती आणखी रिच केली, आणि ती लीन आहे या समजुतीने. एका गॅस्केटपायी पंधरा दिवस आणि पाऊण टाकी पेट्रोल गेलं. गेज लावणाऱ्या प्रत्येकाने रॉडला किंवा जेटला हात लावायच्या आधी ही साबणाची परीक्षा करावी, मनापासून सांगतो.

आता प्रश्न: १३.८ वरून १४.८ पर्यंत कसा जाऊ?

वाळवा४०७, शनिवार

धागा आवडला. माझ्या ४०७ ला, डिझेल, असं गेज लावलं तर ॲव्हरेज वाढवता येईल का? आमच्याकडे ऊस वाहतुकीत चढाला गाडी काळा धूर टाकते.

रानजाई, शनिवार

दादा, डिझेलला याचा तसा उपयोग नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल दोन्ही ॲक्सिलरेटरच्या ताब्यात असतात, म्हणून त्यांचं प्रमाण राखावं लागतं. डिझेल इंजिन हवा मिळेल तेवढी घेतं आणि फक्त डिझेल कमी-जास्त होतं. स्लोला तिथे हवा इतकी जास्त असते की बहुतेक गेजचा काटा वरच्या टोकाला जाऊन बसेल. ओझ्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल नीट फवारलं जात नाही. आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल आणि पंप तपासून घ्या, टर्बो असेल तर त्याचे होज. गेजच लावायचं तर एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं लावा, चढावर पाय कधी सोडायचा ते त्यावर कळतं.

मिरजमिस्त्री, रविवार

घाटवाट, तुम्ही राहता ते गाव उंचावर आहे ना? मिरजेत नीट लावलेली पेट्रोल गाडी महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर नेली की स्लोला जड चालते आणि वास मारते. गिऱ्हाईक परत येऊन म्हणायचं, मिस्त्री तुम्ही गाडी बिघडवली! हवाच पातळ, त्याला कार्ब्युरेटर काय करणार? तुमचा कार्ब्युरेटर खालच्या हवेसाठी बनलेला असणार.

घाटवाट, बुधवार

मिस्त्रीकाका, हेच! इथे आम्ही १६०० मीटरच्या वर आहोत आणि एवढी साधी गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. बसून आकडेमोड केली, चूक असेल तर रानजाईताई सांगतील.

समुद्रसपाटीच्या मानाने इथली हवा जवळपास १५ टक्के विरळ आहे. कार्ब्युरेटर हवेच्या वेगाने पेट्रोल ओढतो, वजन त्याला कळत नाही, त्यामुळे मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रिच होतं. म्हणजे सात-आठ टक्के. १३.८ मध्ये ते सात-आठ टक्के मिळवले की १४.९ येतं. कंपनीने कार्ब्युरेटर चांगलाच लावला होता, खाली समुद्रकाठी तो बरोबर चालला असता!

आता सात टक्के पेट्रोल कमी कसं करायचं? जेटच्या भोकात रॉड उभा असतो, त्यामुळे पेट्रोलची वाट म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ वजा रॉडचं. व्यासांचे वर्ग घेतले तरी तुलना होते. आत्ता ०.०९८ चा जेट आणि ०.०७५ चा रॉड, वजाबाकी ०.००३९७९. जेट एकदम ०.०९५ चा घातला आणि रॉड तोच ठेवला तर ०.००३४००, म्हणजे साडेचौदा टक्के कमी. फारच लीन होईल. पण ०.०९५ चा जेट आणि त्यात माझे पडून असलेले ०.०७३ चे बारीक रॉड घातले तर ०.००३६९६, म्हणजे बरोबर सात टक्के कमी! चुकून घेतलेले रॉडच कामाला येणार.

पूर्ण पाय दाबल्यावर रॉड वर उचलला जातो आणि त्याचा ०.०४७ चा बारीक भाग जेटात येतो. तिथेही पावणेआठ टक्के कमी होतं, पण कार्ब्युरेटरच्या मागच्या दोन बॅरलना (पूर्ण पाय दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या वाटांना) हात लावत नाही, त्यामुळे ११.९ चं १२.३ च्या आसपास व्हावं. हे चालेल ना?

रानजाई, बुधवार

हिशेब छान. पेट्रोलचा प्रवाह क्षेत्रफळाच्या अगदी काटेकोर प्रमाणात बदलत नाही, पण पहिला जेट निवडायला हेच गणित वापरतात. १२.३ सुरक्षित आहे. बदल एका वेळी एकच करा. चालवताना गेजकडे टक लावू नका. व्हॅक्यूम गेज (इंजिन आत किती ओढतं ते दाखवणारं) शेजारी लावून शेजारच्या माणसाला फोनवर दोन्हींचं चित्रण करायला सांगा. सेन्सरपर्यंत धूर पोचायला आणि गेजला आकडा बदलायला क्षण-अर्धा क्षण जातो, पाय दाबताना दिसलेला लीन झटका नक्की कशाचा ते घरी शांतपणे बघितल्यावरच कळतं.

कोथरूडचा मी, गुरुवार

गेजला फोनशिवाय नोंद ठेवता येत नाही का?

घाटवाट, गुरुवार

येते. माझ्या गेजच्या पांढऱ्या वायरवर व्होल्टेज मिळतं: ०.५ व्होल्ट म्हणजे ८.५, ४.५ व्होल्ट म्हणजे १८, मधलं सगळं सरळ रेषेत. कुठलाही डेटा लॉगर चालेल. पण माझ्या बायकोने हातात फोन धरून केलेलं चित्रण मला जास्त उपयोगी पडलं, कारण त्यात चढ कुठे होता, मी गिअर कधी बदलला ते तिच्या बोलण्यात ऐकू येतं.

घाटवाट, रविवार रात्री

जेट बदलले. यासाठी मात्र कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उचलावं लागतं. आज सकाळी सपाट रस्त्याला ५५ वर १४.८. गॅरेजमधला वास जवळजवळ गेला. पाय जोरात दाबला की क्षणभर १६ दिसून लगेच १२.४ वर येतं, पण गाडी अडखळत नाही, म्हणून ॲक्सिलरेटर पंपाला हात लावला नाही.

मग दुपारी धीर करून पश्चिमेकडे निघालो. आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३४०० मीटर. हा चढ ज्यांनी चालवला आहे त्यांना माहीत आहे, जॉर्जटाउननंतर ट्रकवाले उजवी लेन धरून रांगत असतात. आमचा खंबाटकी किंवा कात्रज चढताना एसटीत बसून इंजिनाचा आवाज ऐकायचो, तोच आवाज आज माझ्या पायाखाली होता.

वर जाता जाता आकडा स्वतःच खाली येत गेला. बोगद्याजवळ हवा आमच्या गावापेक्षाही १७ टक्के विरळ, त्यामुळे सपाटीचं १४.८ तिथे १३.५ होणार हे अपेक्षित होतं. पण चढावर थोडाही पाय दाबला की आकडा ११.३ वर येऊन बसत होता, आणि गाडीत जोर नाही. घरी आल्यावर चित्रण पाहिलं, शेजारच्या व्हॅक्यूम गेजने उत्तर दिलं. रॉड खाली धरून ठेवतो तो इंजिनाचा व्हॅक्यूम. रॉडखालची नारिंगी स्प्रिंग ५ इंचांची आहे (लांबी नाही, पाऱ्याच्या इंचांत मोजलेला व्हॅक्यूम), तो ५ च्या खाली आला की ती रॉड वर ढकलते आणि जादा पेट्रोल सोडते. समुद्रकाठी हवेचा दाब ३० इंच, बोगद्यापाशी २० पेक्षा कमी. तिथे मुळात व्हॅक्यूमच तुटपुंजा, म्हणून अर्धा पाय दाबला तरी स्प्रिंगला वाटतं पूर्ण दाबला.

घरी येऊन पिवळी, ४ इंचांची स्प्रिंग घातली आहे. पुढच्या आठवड्यात परत जाणार. निळी ३ इंचांचीही पेटीत आहे, पण इथे ८५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं आणि ओझ्यावर लीन करून टणटण आवाज यायला नको.

मिरजमिस्त्री, सोमवार

शाब्बास. आता परत आल्यावर प्लग काढा आणि आठही ओळीने मांडून फोटो टाका. तुमच्या गेजला चार सिलिंडरांची सरासरी कळते, एकेकट्याची नाही.

घाटवाट, पुढचा रविवार

काका, जाऊन आलो. पिवळ्या स्प्रिंगवर त्याच चढाला, तेवढ्याच पायाला १३.१. पूर्ण दाबल्यावर ११.४, तिथे गाडी खेचते आणि आवाज स्वच्छ आहे. दोन वेळा तेवढाच रस्ता करून पाहिला.

प्लगांबद्दल. सेन्सर एकाच बाजूला असला तरी माझं इंटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारे पाइप) दोन मजल्यांचं आहे. कार्ब्युरेटरचं प्रत्येक अंग चार सिलिंडरांना पुरवतं, दोन या बाजूचे आणि दोन त्या बाजूचे. त्यामुळे दोन्ही बाजू साधारण सारख्या असाव्यात असं वाटत होतं, आणि तशा निघाल्या. सात प्लग बिस्किटी रंगाचे, कोरडे. फक्त सातव्या सिलिंडरचा, ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात मागचा, काळा आणि ओलसर. बोटाला तेल लागतं, पेट्रोलचा वास नाही. हा सिलिंडर सेन्सरच्याच बाजूचा, तरी गेजने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर येतो तो याचाच असणार.

मिरजमिस्त्री, रविवार

वाल्व्हचं सील गेलंय बहुतेक. पण आधी कॉम्प्रेशन बघा, मग इंजिनाचं डोकं उघडायची गोष्ट. कोरडं एकदा आणि चमचाभर तेल घालून एकदा, दोन्ही आकडे इथे लिहा.

घाटवाट, रविवार

कॉम्प्रेशन गेज शेजाऱ्याकडे आहे. शनिवारी सकाळी इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून घेतो आणि आठही सिलिंडरांचे आकडे टाकतो.